उतारावरचा डायपोल
हौशी रेडिओसाठी १४.२ मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची अँटेना, साधारण १० मीटर लांब. तो सपाट जमिनीवर १० मीटर उंच बांधला, तर मुख्य लहर सुमारे ३० अंशांनी वर जाते; परदेशी स्टेशनांसाठी हे जरा जास्तच. समोर १५ अंशांचा उतार मिळाला की हाच कोन निम्म्यावर येतो. मात्र उतार मास्टपुढे (अँटेनाच्या खांबापुढे) निदान शंभर मीटर एकसारखा हवा, कारण लहरीचं जमिनीवरून परावर्तन एका बिंदूवर नव्हे, लांबट पट्ट्यावर होतं. सह्याद्रीत मधेच सपाट टप्पा लागतो आणि हिशेब फसतो. तार उताराला आडवी, दरीकडे तोंड करून ताणा. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप; १ सर्वांत चांगला) १.१ आला म्हणून हुरळू नका; त्यात मागचा डोंगर दिसत नाही. कातळात खुंट्या शिरत नाहीत, ताणदोऱ्या मोठ्या दगडांनाच बांधा.