फोर्डच्या दारावरचा कीपॅड वापरता का?

पोराची बाटली गाडीत राहिली आणि चावी वर घरात, असं इकडे अमेरिकेत आमचं रोजचं व्हायचं. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांना ड्रायव्हरच्या दाराशी आकड्यांचा कीपॅड असतो, 1980 पासून देतायत, तरी कितीतरी जण त्याला हातच लावत नाहीत.

1. फॅक्टरीचा 5 आकडी कोड दाबा, ड्रायव्हरचं दार उघडतं.
2. मग 5 सेकंदांच्या आत 3-4 लिहिलेलं बटण दाबलं की बाकीची दारंही उघडतात.
3. लॉक करायला दार नीट लावून 7-8 आणि 9-0 ही दोन बटणं एकाच वेळी दाबायची, कोड लागत नाही, सामान हातात असताना पर्समध्ये चावी शोधत बसायला नको.

फक्त कोडचं कार्ड गाडीत ठेवू नका हां, नाहीतर अडकल्यावर कोडही आतच.