जेकिल-हाइड खेळताय? आधी ती काठी विसरा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या कथेवर बेतलेला 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड' हा निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरचा गेम (जपानात १९८८, अमेरिकेत १९८९) भिकार आहे, यात वाद नाही. २००४ मध्ये जुन्या गेम्सची चिरफाड करणाऱ्या जेम्स रॉल्फने त्याला शिव्या घालणारा व्हिडिओ केला. तो बघून आलेले बरेच जण दहा मिनिटं खेळतात, आणखी चार शिव्या घालतात आणि उठतात. पण गेम वाईट असला तरी तुम्ही मरता ते त्याला मारिओ समजून खेळता म्हणून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काठी. डॉक्टरसाहेब, म्हणजे जेकिल, लग्नासाठी चर्चकडे चालत निघालेत, हातात काठी आहे, म्हणजे ती मारायचीच असं प्रत्येकाला वाटतं. समोर येणाऱ्या बहुतेकांवर त्या काठीचा ढिम्म परिणाम होत नाही.

गेल्या दिवाळीत मामेभाऊ खेळायला बसला. बॉम्बवाला माणूस आला, बॉम्ब ठेवून चालता झाला. आमचे बंधू बॉम्बशेजारी उभे राहून बॉम्बलाच काठी हाणतायत! मी ओरडलो, "अरे मागे हो!" तर म्हणे, "थांब ना दादा, फुटेल आता." फुटलाच. मार खाल्ला की चढणारी ताणाची पट्टी भरली आणि जेकिलचा हाइड, म्हणजे त्याचं राक्षसी रूप, झाला. हे त्याने ओळीने चार वेळा केलं.

माझी सवय सांगतो. बॉम्बवाला दिसला की मी थांबतो, त्याला जाऊ देतो, मग मागे सरकतो आणि धूर विरेपर्यंत बटणाला हात लावत नाही. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी रेसिंगचे गेम खेळावेत.

दुसरी चूक हाइड झाल्यावरची. इथे रात्र असते, राक्षस असतात आणि पडदा आपोआप उजवीकडून डावीकडे सरकतो. नवखा माणूस खूश होऊन पुढे पळतो. जेकिल जिथवर पोचला होता तिथे हाइड पोचला की वरून वीज पडते आणि खेळ संपतो. म्हणून हाइडला उजव्या कडेला चिकटवून ठेवा आणि राक्षस मारत राहा. प्रत्येक राक्षसामागे ताण उतरतो, पट्टी रिकामी झाली की पुन्हा जेकिल. जेकिल जितका पुढे गेलेला, तितकी हाइडला मोकळीक, त्यामुळे दिवसाढवळ्या उगाच मार खाऊ नका.

नुसत्या बुक्क्यांवर राहू नका. वरचं बटण आणि बी एकत्र दाबलं की लाट सुटते.

एम्युलेटरवर (कन्सोलचे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) दर दोन पावलांना सेव्ह मारणारे मला मुळीच आवडत नाहीत. एकाने फुटायला आलेल्या बॉम्बसमोर, ताणाची पट्टी काठोकाठ भरलेली असताना सेव्ह केलं होतं, आणि आधीचं सेव्ह त्यातच पुसलं गेलं. जितक्या वेळा लोड करायचा तितक्या वेळा ढुम्म!

एक अपवाद आहे. शेवटच्या टप्प्यात ती वीज पडत नाही. तिथे हाइडला पुढे जाऊ द्या, वेगळा शेवट बघायला मिळतो. मामेभाऊ अजून तिथवर पोचलेला नाही. त्याची काठी चालूच आहे.