हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक : कथेचा क्रम लावताना या चुका टाळा

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ ही सैन्य हलवून राज्यं जिंकायच्या कॉम्प्युटर खेळांची मालिका. तिच्यातल्या हीरोज ३ चं पहिलं कॅम्पेन, म्हणजे कथेतली मोहीम, सुरू होतं तेव्हा राणी कॅथरीन माहेरी, एरेथियाला, निघालेली असते. वडील गेलेत, त्यांच्या अंत्यविधीला पोचायचंय. पोचते तर राज्यावर चहूबाजूंनी शत्रू तुटून पडलेले. मग ग्रिफिन जमवा, किल्ले सोडवा, सोन्याच्या खाणी ताब्यात घ्या, या धांदलीत एक अगदी घरगुती प्रश्न राहूनच जातो: सासऱ्याच्या अंत्यविधीला जावई का आला नाही?

मला हा प्रश्न खेळ दोनदा संपवल्यावर पडला. उत्तर त्या खेळात सापडत नाही, त्याच्या आधीच्या हीरोज २ मध्येही नाही. ते वेगळ्याच मालिकेतल्या वेगळ्याच प्रकारच्या खेळात आहे. या मालिकेच्या कथेत बहुतेकांची गाडी अडते ती नेमकी इथे. दोष आपल्या स्मरणशक्तीचा नसतो. आपण चुकीच्या खोक्यात शोधत असतो.

आकड्याला कालक्रम समजणं

खोक्यावरचा आकडा फक्त एवढंच सांगतो की खेळ कधी बाजारात आला. पहिला १९९५ ला, दुसरा १९९६, तिसरा १९९९, चौथा २००२, पाचवा २००६, सहावा २०११, सातवा २०१५. कथा या ओळीने चालत नाही, कारण ती एका जगात घडतच नाही. पहिले तीन खेळ एका जगातले; एनरॉथ आणि अँटागॅरिक (एरेथिया याच खंडावर) ही त्याच जगातली खंडं. चौथा अ‍ॅक्सिओथ नावाच्या दुसऱ्या जगात. पाच, सहा आणि सात अ‍ॅशानमध्ये, ज्याचा आधीच्या दोघांशी काडीचाही संबंध नाही.

त्यामुळे ‘चारनंतर पाचमध्ये काय झालं?’ हा प्रश्नच बाद ठरतो. काहीच झालं नाही. मालिका काढणारी थ्रीडीओ कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली, हक्क युबिसॉफ्टने घेतले आणि कथा कोऱ्या पाटीवर नव्याने लिहायला घेतली. आधी जग ओळखा, मग त्या जगातली वर्षं लावा. उलट केलंत तर कितीही मोठा तक्ता आखा, तो जुळणार नाही.

फक्त हीरोज खेळून एरेथियाची गोष्ट कळेल असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

हीरोज मालिकेला एक थोरली बहीण आहे: माइट अँड मॅजिक. हीरोज बनवणाऱ्या न्यू वर्ल्ड कंप्युटिंग कंपनीचीच, पण सैन्य हलवण्याची (स्ट्रॅटेजी) नव्हे, चार-पाच जणांची टोळी घेऊन गुहा धुंडाळण्याची (आरपीजी). दोन्ही मालिका १९९८ ते २००० या काळात एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या. एकीत सुरू झालेला धागा दुसरीत संपतो. स्ट्रॅटेजीवाले आरपीजीकडे वळत नाहीत, आरपीजीवाले स्ट्रॅटेजीकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि दोघांनाही गोष्ट अर्धीच कळते.

जावयाचंच घ्या. हीरोज २ म्हणजे सरळसरळ भाऊबंदकी. राजा मॉर्ग्लिन आयर्नफिस्ट गेला आणि रोलंड व आर्चिबाल्ड हे दोघे मुलगे गादीसाठी भिडले. रोलंड, म्हणजे कॅथरीनचा नवरा, आपला जावई, जिंकला; आर्चिबाल्डचा दगडी पुतळा झाला. पुढचा अंक माइट अँड मॅजिक ६ मध्ये. तो उघडतो तेव्हा रोलंड बेपत्ता आहे; क्रीगन नावाच्या सैतानांशी लढायला गेला तो परतलाच नाही. कॅथरीन वडिलांच्या अंत्यविधीसाठी एरेथियाला गेलीय. गादीवर त्यांचा पोरसवदा मुलगा निकोलाय, कारभार विल्बर हम्फ्रीच्या हाती. म्हणजे सहावा माइट अँड मॅजिक आणि तिसरा हीरोज साधारण एकाच काळात, समुद्राच्या दोन काठांवर घडतात. जावई आला नाही, कारण तो शत्रूच्या कैदेत होता.

याच खेळात पुतळा झालेला आर्चिबाल्ड ग्रंथालयात उभा आहे, आणि जग वाचवायला लागणारा मंत्र त्याच्याचकडून मिळवावा लागतो. ज्या भावाला गाडला त्याच्याच दारात जायचं.

पुढे हीरोज ३ चं मूळ कॅम्पेन संपलं की बरेच जण थेट ‘आर्मगेडन्स ब्लेड’ हे १९९९ चं विस्तारपॅक सुरू करतात. आणि तिथे रोलंड अचानक हजर! बायकोबरोबर, सैन्यासह, जणू काही झालंच नव्हतं. क्रीगनांचा राजाही बदललेला. झेनोफेक्स जाऊन ल्युसिफर क्रीगन आलाय. खेळाडूला वाटतं मधली एखादी फाइल खराब झाली, किंवा एखादं सिनॅरिओ आपण चुकून टाळलं. मी तर तेव्हा खेळ काढून पुन्हा इन्स्टॉल केला होता.

खराब काही झालेलं नसतं. मधे माइट अँड मॅजिक ७ बसतो. त्यात आर्चिबाल्ड सुरुवातीला डेजा राज्यातल्या नेक्रोमॅन्सरांचा, म्हणजे मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगारांचा, म्होरक्या आहे, आणि पुढे तोच तुम्हाला गळ घालतो की माझ्या भावाला क्रीगनांच्या तावडीतून सोडवा. झेनोफेक्स तिथेच मारला जातो, रोलंड तिथेच सुटतो. ही सुटका ज्याने पाहिली नाही त्याला ‘आर्मगेडन्स ब्लेड’ हवेत लटकलेलं वाटणारच.

तेव्हा क्रम असा: हीरोज १, हीरोज २, मग माइट अँड मॅजिक ६ आणि हीरोज ३ ची मूळ कथा जवळजवळ बरोबरीने, त्यानंतर माइट अँड मॅजिक ७, आणि मग ‘आर्मगेडन्स ब्लेड’. या काळासाठी खेळ स्वतःच एक कालगणना देतात: हे जग घडवणाऱ्या ‘प्राचीनां’शी संपर्क तुटला त्या ‘सायलेन्स’पासून मोजलेली वर्षं. सहावा माइट अँड मॅजिक ११६५ मध्ये सुरू होतो, सातवा ११६८ मध्ये. एवढे दोन खुंटे ठोकले की बाकीचं आपोआप बसतं. सातवा पूर्ण खेळायला कित्येक आठवडे जातील. स्ट्रॅटेजीच्या माणसाने त्याचा सारांश वाचून पुढे जायला माझी हरकत नाही. सारांशही न वाचणाऱ्याने मात्र नंतर लेखकांच्या नावाने खडे फोडू नयेत.

हीरोज ३ च्या आतही एक छोटी फसगत आहे. सुरुवातीला खुली असलेली तीन कॅम्पेनं, म्हणजे कॅथरीनचं, एरेथियावर चालून आलेल्या नायगॉन आणि ईओफोल या राज्यांच्या स्वारीचं आणि सीमेवरच्या लुटारू शेजाऱ्यांचं, एकीमागून एक घडत नाहीत. ती एकाच युद्धाच्या तीन बाजू आहेत.

‘शॅडो ऑफ डेथ’ आधी की नंतर?

२००० साली आलेलं हे विस्तारपॅक कथेत मूळ हीरोज ३ च्या आधी बसतं. सँड्रो हा नेक्रोमॅन्सर चार वीरांना भुलवून अस्त्रं गोळा करतो. जेम, गेलू, क्रॅग हॅक आणि योग मग एकत्र येऊन त्याच्यामागे लागतात. हे कळल्यावर काही जण काटेकोरपणे कालक्रम पाळायचा म्हणून इथूनच सुरुवात करतात. करू नका. ही कॅम्पेनं नवख्याचा घाम काढतात, आणि डेजा, एरेथिया, अ‍ॅव्हली ही राज्यांची नावं तुम्हाला आधीपासून ठाऊक आहेत असं गृहीत धरतात. आधी मूळ कथा खेळा. पुढचं ठाऊक असताना सँड्रोचे डाव बघण्यात खरी गंमत आहे.

‘माझ्याकडे हीरोज ३ आहे, पण सँड्रोचं कॅम्पेन दिसत नाही’ ही तक्रार असेल तर तुमच्याकडे बहुधा २०१५ ची एचडी आवृत्ती आहे. त्यात फक्त मूळ खेळ आहे, दोन्ही विस्तारपॅक नाहीत. ‘कंप्लीट’ नावाची जुनी आवृत्ती घ्या. चित्रं जुनाट दिसतील, पण गोष्ट पूर्ण मिळेल.

आपण जिंकलो म्हणजे कथेत तेच घडलं

हीरोज १ मध्ये चारांपैकी कोणताही सरदार निवडता येतो. हीरोज २ मध्ये आर्चिबाल्डच्या बाजूने लढून गादी मिळवता येते. ऐन मोहिमेत बाजू बदलायची संधीही मिळते. मी तर पहिल्या फेरीत आर्चिबाल्डच घेतला होता, कारण त्याच्याकडे ड्रॅगन होते. पण पुढची कथा मॉर्ग्लिन आणि रोलंड जिंकले असंच धरून चालते. तुमचा विजय तुमच्या सेव्ह फाइलपुरता.

माइट अँड मॅजिक ७ लाही दोन शेवट आहेत, एक उजेडाचा आणि एक काळोखाचा. काळोखाच्या शेवटात प्राचीनांच्या यंत्रावर शस्त्रं बनवली जातात, आणि त्याच धाग्यावरून हीरोज ३ मध्ये ‘फोर्ज’ नावाचं यंत्रयुगातलं शहर येणार होतं. चाहत्यांनी एवढा गहजब केला की ते रद्द झालं आणि जागी ‘कॉन्फ्लक्स’ हे दुसरं शहर आलं. परीकथेत बंदुका कशाला, अशी ओरड होती. प्रत्यक्षात या जगाच्या मुळाशी आधीपासून अंतराळयानं होतीच. क्रीगन हे परग्रहावरून आलेले जीव आहेत, नरकातून नव्हे. ज्यांनी थोरल्या बहिणीचे खेळ खेळले होते त्यांना फोर्जचं नवल वाटायचं कारण नव्हतं. मला ते शहर आजही हवं होतं.

‘क्रॉनिकल्स’ एका ठिकाणी चिकटवणं

‘हीरोज क्रॉनिकल्स’ हे आठ छोटे खेळ. नायक एकच, टार्नम. लोक या आठही भागांना हीरोज ३ नंतरच्या एका चौकोनात टाकून मोकळे होतात. पण पहिल्या भागात टार्नम जादूगारांच्या सत्तेविरुद्ध उठलेला रानटी सरदार आहे आणि त्याला मारतो तो रायन ग्रिफनहार्ट, कॅथरीनच्या घराण्याचा मूळपुरुष. पापं फेडायला त्याला परत पाठवलं जातं, आणि तो शतकानुशतकं जगत राहतो. शेवटचा भाग, ‘सोर्ड ऑफ फ्रॉस्ट’, मात्र जगबुडीच्या उंबरठ्यावर संपतो. म्हणजे पहिला भाग सगळ्याच्या कितीतरी आधी, शेवटचा सगळ्याच्या अखेरीस. तक्त्यात याला चौकोन देऊ नका, वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ द्या.

ती जगबुडी म्हणजे गेलूची आर्मगेडन्स ब्लेड आणि किल्गोरची फ्रॉस्टची तलवार एकमेकींवर आदळली तो क्षण. जग फुटलं, वाचलेले लोक दरवाजांमधून अ‍ॅक्सिओथला गेले, आणि हीरोज ४ सुरू झाला. तिथल्या वेयरजॅक या रानटी नायकाला शिकवणारा गुरू भेटेल तेव्हा ओळख ठेवा. तो टार्नमच आहे.

अ‍ॅशानमध्ये आकडे उलटे

इथे पाचवा खेळ आधी आला, पण घडतो शेवटाकडे. सहावा त्याच्या सुमारे चारशे वर्षं आधी, ड्यूक स्लाव्हाच्या पाच मुलांचा. त्याच्या पाठोपाठ माइट अँड मॅजिक १०. सातवा, आयव्हन ग्रिफिनचा, सहाव्या आणि पाचव्याच्या मधला. याच जगातले आणखी दोन खेळ: ‘क्लॅश ऑफ हीरोज’ पाचव्याच्या आधी, आणि ‘डार्क मसायाह’ सगळ्यात शेवटी. पाचव्यातली सहा कॅम्पेनं एकमेकांत गुंफलेली आहेत. त्यांत उड्या मारू नका. त्याचीच दोन विस्तारपॅकं, ‘हॅमर्स ऑफ फेट’ आणि ‘ट्राइब्स ऑफ द ईस्ट’, सोडलीत तर राणी इझाबेलचं काय झालं ते अर्धवट राहील.

अ‍ॅशानची वर्षं सातव्या ड्रॅगनपासून मोजतात, आणि पाचव्याची कथा हजाराच्या आत संपते. तिकडे एरेथिया ११६८ मध्ये. म्हणून अ‍ॅशान आधीचं, असा निष्कर्ष काढलेले तक्ते मी पाहिलेत. शक आणि इसवी सनात निदान ७८ ची बेरीज-वजाबाकी चालते. इथे तीही नाही.

नावांनी तर अजूनच घोळ घातलाय. निकोलस ग्रिफनहार्ट हे कॅथरीनचे वडील. निकोलाय आयर्नफिस्ट हा तिचा मुलगा. आजोबांचंच नाव नातवाकडे आलंय, तेवढं आपण समजून घेऊ. पण हीरोज ५ मधला राजा निकोलाय ग्रिफिन यांचा कुणीच नाही. सँड्रो आणि क्रॅग हॅक सहाव्याच्या जोडकथांत पुन्हा दिसतात, तेही नावापुरतेच. अ‍ॅशानचे सैतान तर अर्गाश या अनागोंदीच्या ड्रॅगनची निपज. परग्रहाचा इथे विषयच नाही.

उरलेलं थोडक्यात. १९९० चा ‘किंग्ज बाउंटी’ हा या खेळांचा पूर्वज, पण २००८ पासूनच्या ‘किंग्ज बाउंटी’चं एंडोरिया हे स्वतंत्र जग आहे. ‘हॉर्न ऑफ द अबिस’ ही हीरोज ३ ची भर म्हणजे चाहत्यांचं काम, खेळायला उत्तम, मूळ कथेत मात्र मोजत नाहीत. आणि २०२४ मध्ये जाहीर झालेला ‘ओल्डन एरा’ पुन्हा जुन्या जगात जातो, माइट अँड मॅजिक ८ मधल्या जेडेम खंडावर, आणि तोही पूर्वकथा म्हणून. नावात आकडाच नाही, हे बरंच झालं. तक्त्यात हीरोज १ च्या वर एक ओळ मोकळी सोडून ठेवा.