प्रोग्रॅमची मेमरी जाते कुठे? पायथॉनमध्ये शोध कसा घ्यावा

मराठी मजकुरातला कुठला शब्द किती वेळा येतो हे मोजणारी एक स्क्रिप्ट मी लिहिली होती. अगदी तीन ओळींची:

मजकूर = फाइल.रीड()
शब्द = मजकूर.स्प्लिट()
मोजणी = काउंटर(शब्द)

(‘रीड’ सगळी फाइल वाचतं, ‘स्प्लिट’ शब्द सुटे करतं, ‘काउंटर’ ते मोजतं. आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना रोमनच लागतील. ‘मजकूर’ आणि ‘शब्द’ ही नावं मात्र पायथॉन ३ मध्ये जशीच्या तशी, देवनागरीतसुद्धा चालतात.)

छोट्या फाइलवर स्क्रिप्ट पळाली. मोठी फाइल दिली, पंखा घोंघावला, माउस अडकला आणि थोड्या वेळाने टर्मिनलवर एकच शब्द उमटला: ‘किल्ड’. अशा वेळी पहिला मोह होतो तो संशयावरून कोड बदलत सुटण्याचा. मीही तेच केलं आणि संध्याकाळ घालवली. ती वाया जाऊ नये म्हणून हा क्रम.

१. दोष खरंच मेमरीचा आहे ना?

लिनक्सवर रॅम आणि स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही संपत आले की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) निवडतं आणि मारून टाकतं. तसं झालं तर प्रोग्रॅमचा एक्झिट कोड (संपताना मागे ठेवलेला आकडा) १३७ येतो. १२८ अधिक ९, आणि ९ हा ‘किल’ सिग्नलचा क्रमांक. पण हा सिग्नल दुसऱ्या कुणीही पाठवलेला असू शकतो, म्हणून ‘डीमेसेज’ (dmesg) आज्ञा चालवून कर्नलच्या नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. तिथे तुमच्या प्रोसेसचं नाव दिसलं तर पुढे चला. नसेल तर चोर दुसरीकडे आहे.

२. बाहेरून एक आकडा घ्या

कोडला हात लावण्याआधी प्रोग्रॅम जास्तीत जास्त किती मेमरीपर्यंत चढतो ते बघा. ‘/युएसआर/बिन/टाइम’ हा पूर्ण पत्ता आणि ‘-व्ही’ लिहून पुढे नेहमीची आज्ञा द्यायची. नुसतं ‘टाइम’ लिहिलंत तर बहुधा शेलचंच (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचंच) चालतं आणि ते मेमरीबद्दल काही बोलत नाही. शेवटी जी यादी येते तिच्यात ‘मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ’ ही ओळ बघा, आकडा किलोबाइटमध्ये असतो. मॅकवर ‘-व्ही’ऐवजी ‘-एल’, आणि तिथे आकडा बाइटमध्ये येतो. हा फरक विसरलात तर हजारपट घाबराल.

प्रोग्रॅम चालू असतानाच बघायचं असेल तर ‘टॉप’ आहेच. त्यातला ‘व्हर्ट’ हा रकाना सोडून द्या. ती नुसती राखून ठेवलेली जागा, लग्नाच्या पंगतीत रुमाल टाकून धरलेल्या पाटांसारखी. प्रत्यक्ष बसलेली माणसं ‘रेस’ रकान्यात दिसतात.

आलेला आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक बदल याच आकड्याशी ताडून बघायचा आहे.

३. फुगवटा की गळती?

हे दोन आजार वेगळे, त्यांची औषधंही वेगळी. फुगवटा म्हणजे काम चालू असताना प्रोग्रॅम अवाढव्य माल एकदम हातात धरतो, काम झालं की सोडतो. गळती म्हणजे काम संपलं तरी सोडतच नाही.

ओळखायला सोपी युक्ती: एक लाख, दोन लाख आणि चार लाख शब्दांच्या तीन फाइली करा आणि दुसऱ्या पायरीतला आकडा तिन्हींसाठी घ्या. इनपुट दुप्पट केल्यावर आकडाही जवळपास दुप्पट होत असेल तर प्रोग्रॅम सगळं इनपुट पोटात घेऊन बसतोय, म्हणजे फुगवटा. दिवसरात्र चालणारी सर्व्हिस असेल, रोजचं काम तेवढंच असेल आणि तरी आकडा चढतच असेल तर गळतीचा संशय घ्या.

एक चकवा मात्र आहे. लिस्ट पुसली तरी ‘रेस’ लगेच खाली येतोच असं नाही. ५१२ बाइटपर्यंतच्या छोट्या वस्तूंसाठी पायथॉन ऑपरेटिंग सिस्टिमकडून घाऊक जागा घेतं आणि आपल्या आपण किरकोळीत वाटतं. घाऊक तुकड्यात एक जरी वस्तू जिवंत असली तरी तो अख्खा तुकडा परत जात नाही. त्यामुळे एकदा चढून तिथेच थांबलेल्या आकड्याला गळती म्हणू नका.

४. आत शिरा: ट्रेसमॅलॉक

पायथॉन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, ‘ट्रेसमॅलॉक’ नावाचं मॉड्यूल पायथॉनबरोबरच येतं. वेगळं काही बसवावं लागत नाही. कुठल्या ओळीने किती मेमरी मागितली हे ते सांगतं.

स्क्रिप्टच्या अगदी वर ते इम्पोर्ट करून ‘ट्रेसमॅलॉक.स्टार्ट()’ लिहा. जिथे संशय आहे तिथे ‘टेक_स्नॅपशॉट()’ने त्या क्षणीच्या मेमरीची नोंद, म्हणजे स्नॅपशॉट, घ्या, त्या स्नॅपशॉटवर ‘स्टॅटिस्टिक्स’ला ‘लाइननो’ हा शब्द देऊन बोलवा आणि पहिल्या दहा ओळी छापा. बस.

सगळे चुकतात ते स्नॅपशॉटच्या जागेत. तो प्रोग्रॅमच्या शेवटी टाकतात. तोवर फंक्शन संपलेलं असतं, फुगलेली लिस्ट पुसली गेलेली असते आणि चित्र अगदी सोवळं दिसतं. म्हणून शेजारी ‘गेट_ट्रेस्ड_मेमरी()’ही छापा. ते दोन आकडे देतं: आत्ताचा आणि आजवरच्या उच्चांकाचा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर तुमचा स्नॅपशॉट उशिरा पडतोय, त्याला वर सरकवा. माझ्या स्क्रिप्टमध्ये त्याची जागा होती ‘स्प्लिट’च्या लगेच खाली.

आणखी एक: ही तपासणी स्वतःही मेमरी खाते आणि प्रोग्रॅम बऱ्यापैकी मंदावतो. तेव्हा मोठ्या फाइलवर न करता दहा लाख शब्दांच्या तुकड्यावर करा. प्रमाण तेच राहतं.

५. निकाल वाचायचा कसा

हिशेबाला सोपं जावं म्हणून प्रत्येक शब्द सहा चिन्हांचा धरू. ‘चिन्ह’ म्हणजे इथे युनिकोडचं चिन्ह: ‘नमस्कार’मध्ये न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी सात होतात. डिस्कवर, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत, प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एक शब्द आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून १९ बाइट, आणि दहा लाख शब्दांची फाइल १९ एमबी.

ती ‘रीड’ने वाचली की गंमत होते. पायथॉन ३.३ पासून प्रत्येक स्ट्रिंग (मेमरीतला मजकुराचा तुकडा) तिच्यातल्या सगळ्यांत ‘रुंद’ चिन्हाच्या मापाने साठवली जाते. साधं इंग्रजी असेल तर चिन्हामागे एक बाइट, देवनागरीला दोन. म्हणून १९ एमबीची फाइल मेमरीत १४ एमबीची होते. पण त्या लाखो शब्दांत कुणी एकदा जरी हात जोडल्याचा इमोजी टाकला असेल, तर त्या एकट्यासाठी अख्ख्या स्ट्रिंगला चिन्हामागे चार बाइट लागतात आणि १४ चे २८ होतात. एका इमोजीसाठी १४ एमबी! मला हे कळलं तेव्हा मी ती फाइल उघडून खरंच इमोजी शोधत बसलो होतो.

खरा खड्डा पुढच्या ओळीत आहे. ‘स्प्लिट’ प्रत्येक शब्दाची स्वतंत्र स्ट्रिंग बनवतं. पायथॉन ३.१२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत अशा सहा चिन्हांच्या देवनागरी स्ट्रिंगला ७० बाइट लागतात. त्यात मजकूर फक्त १२ बाइटांचा, बाकी सगळा वरखर्च. ‘आणि’ पन्नास हजार वेळा आला असेल तर पन्नास हजार वेगवेगळ्या ‘आणि’ तयार होतात. शिवाय लिस्टमध्ये प्रत्येकीचा पत्ता ठेवायला आठ बाइट. ट्रेसमॅलॉकच्या यादीत ‘स्प्लिट’ची ओळ सगळ्यांत वर येते: सुमारे ७५ एमआयबी (एक एमआयबी म्हणजे १०२४ × १०२४ बाइट), दहा लाखांवर वस्तू, सरासरी ७८ बाइटच्या आसपास.

या तीन आकड्यांत मी सरासरी आधी बघतो. एकूण मोठं आणि सरासरी छोटी असेल तर असंख्य बारीक वस्तूंचा ढीग साचलाय. सरासरीच अनेक एमबी असेल तर एखादा धोंडा आहे, अख्खी फाइल किंवा अख्खा टेबल.

६. एकच बदल करा, पुन्हा मोजा

उपाय उघड होता. सगळी फाइल न वाचता एकेक ओळ घ्यायची, तिचे शब्द काउंटरला द्यायचे, ओळ सोडून द्यायची. मग मेमरीत फक्त वेगवेगळे शब्द उरतात, प्रत्येकी एकदा.

बदल केला, दुसऱ्या पायरीतली आज्ञा पुन्हा चालवली. आकडा हलेना!

कोड बरोबर होता. फाइल दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून काढलेली होती आणि त्याने ओळी तोडणारी सगळी चिन्हं गाळली होती. अख्खी फाइल म्हणजे एकच ओळ. ‘एकेक ओळ’ घेतली तरी पहिल्याच घासात सगळं ताट पोटात. शेवटी ६४ हजार चिन्हांचे तुकडे वाचले. फक्त तुकड्याच्या टोकाला शब्द अर्धवट तुटतो, तेवढा बाजूला ठेवून पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला जोडायचा. तेव्हा कुठे आकडा धाडकन खाली आला. मोजलं नसतं तर ‘दुरुस्त केलं’ असं समजून मी पुढे गेलो असतो.

७. गळती असेल तर दोन स्नॅपशॉट

गळतीसाठी एक स्नॅपशॉट कामाचा नाही. सर्व्हिस सुरू करा, तिला शंभरेक विनंत्या देऊन गरम होऊ द्या, पहिला स्नॅपशॉट घ्या. आणखी हजार विनंत्या द्या, दुसरा घ्या. मग दुसऱ्यावर ‘कंपेअर_टू’ चालवून त्यात पहिला आणि ‘लाइननो’ हा शब्द द्या. वाढ कुठल्या ओळीत झाली ते उतरत्या क्रमाने येतं. गरम करण्याचं काम टाळू नका, नाहीतर सुरुवातीला एकदाच भरणाऱ्या मॉड्यूलांच्या ओळीच वर दिसतील.

ओळ सापडली तरी ‘मागितलं कुणी’ एवढंच कळतं, ‘धरून कोण बसलंय’ हे कळत नाही. नेहमीचे संशयित: मॉड्यूलच्या पातळीवरची डिक्शनरी, कुणीही न काढलेले कॉलबॅक (पुढे कधीतरी बोलावण्यासाठी नोंदवलेली फंक्शनं) आणि हद्द नसलेलं कॅशे (एकदा काढलेली उत्तरं साठवून ठेवणारी जागा). तिसरा मला स्वतःला भोवला. ‘घरातल्यांना’वरून ‘घर’ काढणाऱ्या फंक्शनला मी ‘एलआरयू_कॅशे’ लावलं होतं आणि ‘मॅक्ससाइझ’ला ‘नन’ दिलं होतं, म्हणजे मर्यादाच नाही. मराठीत घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरासमोरच्या अशी एका शब्दाची रूपं संपता संपत नाहीत, त्यात लोकांच्या टायपिंगच्या चुकांची भर. ‘कॅशे_इन्फो()’ छापलं तर ‘करसाइझ’, म्हणजे साठलेल्या उत्तरांची संख्या, दर तासाला चढतच होती. मर्यादा ५०,००० केली, चढण थांबली. काहीच न लिहिता कंस रिकामा ठेवला तर मर्यादा १२८ असते, ती अशा कामाला फार तोकडी.

८. हिशेब जुळत नसेल तर

बाहेरून दोन जीबी दिसतात आणि ट्रेसमॅलॉक म्हणतं तीनशे एमबी, असंही होतं. उरलेली मेमरी बहुधा सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या एखाद्या लायब्ररीने परस्पर घेतलेली असते आणि ती ट्रेसमॅलॉकला दिसत नाही. तिथे ‘मेमरे’ वापरा. ब्लूमबर्गने २०२२ मध्ये ते मुक्त केलं, लिनक्स आणि मॅकवर चालतं आणि सी पर्यंतचा माग काढतं. ‘मेमरे रन’ने नोंद घ्या, ‘मेमरे फ्लेमग्राफ’ने चित्र काढा. जितका पट्टा रुंद तितकी मेमरी जास्त. शुद्ध सी किंवा सी++ साठी ‘व्हॅलग्रिंड’मधलं ‘मॅसिफ’ आहे, फक्त चहा घेऊन बसा. जावासाठी ‘जेमॅप’ने हीप डंप (मेमरीतल्या सगळ्या वस्तूंची नोंद) काढून तो एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडतात, आणि वेबपानांसाठी क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये ‘मेमरी’ हा टॅब आहे. दोन स्नॅपशॉट घेऊन ताडून बघण्याची रीत तिथेही हीच.

सगळं झाल्यावर एक छोटी टेस्ट लिहून ठेवा: ठरावीक फाइल द्यायची, आधी ‘रीसेट_पीक()’ (पायथॉन ३.९ पासून आहे), मग काम, मग उच्चांक. तो ठरवलेल्या एमबीच्या वर गेला तर टेस्ट नापास. माझ्या टेस्टमधल्या फाइलमध्ये एकही ओळ तुटलेली नाही आणि मधोमध एक इमोजी आहे.