मेक्सिकोत रिटायर होऊन राहताय? बाहेर जेवताना एवढं बघा

पहिलं म्हणजे जेवणाची वेळ बदला. इथं मुख्य जेवण दुपारी २ ते ४, आणि तेव्हाच छोट्या घरगुती खानावळीत, म्हणजे फोंदात, जायचं आणि कोमिदा कोर्रिदा मागायची: सूप, भात, मेन डिश आणि सोबत आग्वा फ्रेस्का म्हणजे गार सरबत, सगळं एकाच ठरलेल्या भावात. आग्वा दे हमाइका जरूर घ्या, ते लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं!

शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) बोलून भागत नाही हो, कारण फ्रिहोलेस म्हणजे राजम्यासारखी उसळ बरेचदा मान्तेकात, डुकराच्या चरबीत परततात आणि भातात चिकनचं पाणी असू शकतं, म्हणून 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' (चरबी नको, चिकनचं पाणी नको) असं स्पष्ट विचारायचं, अजिबात लाजायचं नाही. नोपालेसची, म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी आणि केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली पोळी बघा.

बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, तो त्यांचा आदर आहे, दुर्लक्ष नाही. 'ला क्वेंता, पोर फावोर' म्हणा. टिप १० ते १५ टक्के, शक्यतो कॅश पेसोत. निघताना शेजारच्या टेबलाला 'प्रोवेचो' (मजेत जेवा) म्हणा, माणसं जोडली जातात.