बाळाला ऊब आणि चीक: पहिल्या दिवशी या चुका टाळा

पोटातल्या बाळाला भूक माहीत नसते. आईच्या रक्तातली साखर वारेतून अखंड मिळते, ऊबही आईचीच. नाळ कापली की दोन्ही बंद. पहिल्या एक-दोन तासांत बाळाची साखर उतरते. मग यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) वापरून बाळ वेळ निभावून नेतं, पण हा साठा साधारण अर्ध्या दिवसाचाच.

आणि नेमकी याच वेळी घरच्यांना बाळाला न्हाऊ घालायची घाई असते! नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही, त्यामुळे ते गारठलंय हे कळतच नाही. खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब धरतं; त्यात साखर आणि प्राणवायूही खर्ची पडतो. म्हणून अंघोळ किमान 24 तास नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाला कोरडं पुसा, टोपडं घाला आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला. मधूनमधून हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावून पाहा. पोट गरम पण तळपाय गार असतील, तर बाळाची ऊर्जा ऊब राखण्यात जातेय. दोन्ही गार लागले तर बाळाला छातीशी धरूनच डॉक्टरांकडे न्या.

चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पिळून टाकू नका. थोडा असला तरी त्या दिवसाला तो पुरतो. पहिल्या तासातच बाळाला पाजायला घ्या. दूध उतरेपर्यंत म्हणून साखरपाणी, गुटी देऊ नका. मध तर वर्षभर नकोच. त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो.

‘शांत बाळ आहे, झोपू दे’ हे कौतुक मला धोक्याचं वाटतं. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, गरज पडली तर उठवून. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा मधुमेही आईचं बाळ असेल तर साखर तपासून घ्यावीच लागते. मधुमेही आईचं बाळ गुटगुटीत असलं तरी त्याच्या अंगात इन्सुलिन जास्त बनत असतं, त्यामुळे साखर झपकन उतरते. हातपाय थरथरणं, अंग ढिलं पडणं, दूध न ओढणं दिसलं की वाट पाहू नका.

पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरलं म्हणून लगेच पावडरच्या दुधाचा डबा आणायची मात्र गरज नाही. ही घट 10 टक्क्यांच्या वर गेली, किंवा दोन आठवड्यांत वजन भरून आलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.