रील बघणारे आणि घर घेणारे

छतावरचा ओलीचा डाग साधारण ताटाएवढा होता. कडेने पिवळसर, मध्ये रंगाचे पापुद्रे सुटलेले. दोन बेडरूमचा, सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. मी मोबाइल घेऊन आतल्या खोलीत शूट करत होते आणि मालक मागून म्हणाले, "तेवढा कोपरा सोडून घ्या ना."

मी मोबाइल खाली केला आणि त्यांच्याशी बोलले. म्हटलं, जो बघायला येईल तो मान वर करून बघणारच आहे. आज आपण सांगितलं तर तो नुसता डाग आहे. उद्या त्याने शोधला तर आपण लपवलेली गोष्ट होईल, आणि मग तो बाकीच्या घरावरही विश्वास ठेवणार नाही. ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच जाऊन प्लंबरची पावती घेऊन आले. व्हिडिओत मी डाग दाखवला, गच्चीतल्या पाइपचा सांधा गळत होता हे सांगितलं, तो बदलल्याची पावतीही दाखवली.

त्या व्हिडिओला माझ्या इतर व्हिडिओंच्या मानाने फारच कमी व्ह्यूज मिळाले. पण फोन आले सात, आणि जवळजवळ प्रत्येकाने सुरुवात तिथूनच केली, "तो डाग आता कसा आहे?" म्हणजे त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला होता. चौघे प्रत्यक्ष येऊन गेले आणि त्यांच्यातल्याच एका कुटुंबाने ते घर घेतलं.

त्याच्या आदल्या महिन्यात मी एका मोठ्या बंगल्याची रील केली होती. ड्रोन, संथ संगीत, संध्याकाळचा उजेड. ती खूप फिरली. कमेंटमध्ये बदाम आणि टाळ्या, इनबॉक्समध्ये नुसतं "किंमत?" त्यातून एकही साइट व्हिजिट झाली नाही. मालक मात्र रोज व्ह्यूज मोजत होते, आणि त्यांना काय सांगावं ते मला सुचत नव्हतं.

रिअल इस्टेटमध्ये एजंट म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण फॉलोअर्स कसे वाढवायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतील. माझं म्हणणं वेगळं आहे. सोशल मीडियावर घर विकलं जात नाही. तिथे समोरचा माणूस एवढंच ठरवतो की तुम्हाला फोन करण्यात अर्थ आहे की नाही. म्हणून पोस्ट टाकण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. हे बघून कुणाची तरी एक फुकट खेप वाचेल का? वाचणार असेल तर ती पोस्ट कामाची.

कुठे काय टाकायचं हे माध्यमाच्या स्वभावावरून ठरतं. इन्स्टाग्रामवर रील्स 2020 साली आल्या आणि त्या मुख्यतः तुम्हाला न ओळखणाऱ्यांपर्यंत पोचतात. स्टोरी 2016 पासून आहे, 24 तासांनी जाते आणि ती बघतात ते बहुतेक आधीपासून तुमच्या मागे असलेले लोक. म्हणून ओळख करून द्यायला रील आणि रोजचं काम दाखवायला स्टोरी. आज कोणती चावी हातात आली, कोणत्या घराचे कागद तपासले, कुठला व्यवहार का फिसकटला, हे नावगाव न सांगता स्टोरीत टाकता येतं. असं वर्षभर तुम्हाला काम करताना बघणारा माणूस घर घ्यायच्या वेळी तुमचाच नंबर शोधतो. सविस्तर फेरफटका यूट्यूबवर ठेवा, कारण तिथे लोक मुद्दाम शोधत येतात आणि दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओही सापडतो. फेसबुकवर त्या त्या भागातल्या रहिवाशांचे ग्रुप असतात. तिथे जाहिरात टाकण्याआधी महिनाभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. नुसत्या जाहिराती टाकणाऱ्याला अ‍ॅडमिन काढून टाकतात आणि ते बरोबरच आहे.

आता शूटिंगबद्दल. इथे नवीन मंडळी सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोबाइलमधली 0.5 ची लेन्स वापरायचा मोह फार होतो. तिने खोली ऐसपैस दिसते, कडेचा पलंग लांबुळका होतो आणि भिंती बाहेर झुकतात. बघणारा त्या मापाचं चित्र डोक्यात घेऊन येतो आणि दारातच त्याचा चेहरा पडतो. तो चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. एकदा तो पडला की पुढचं अर्ध्या तासाचं बोलणं वाया जातं. 1 ची लेन्स लावा, मोबाइल छातीच्या उंचीवर धरा, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून समोरचा कोपरा घ्या आणि भिंतीच्या उभ्या रेषा उभ्याच राहतील असं बघा. बाथरूमसारख्या अगदी लहान जागेत 0.5 लावावीच लागली तर व्हिडिओवर तसं लिहा आणि माप द्या. मी टेप घेऊन जाते. टेप भिंतीला लावून आकडा कॅमेऱ्यात दाखवते. तेवढ्या चार सेकंदांवर लोक जितका विश्वास ठेवतात तितका कुठल्याही विशेषणावर ठेवत नाहीत.

मुख्य दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत एक सलग शॉट घ्या, मध्ये कट नको. तुकडे जोडले की घराचा नकाशा कळत नाही, स्वयंपाकघर कुठे आणि बेडरूम कुठे याचा मेळ लागत नाही. मग खिडकी उघडा आणि दहा सेकंद काही न बोलता उभं राहा. बाहेरचा आवाज जसा असेल तसा येऊ द्या. सगळे नळ एकदा सोडून दाखवा. ऊन कोणत्या खोलीत कधी येतं ते त्या वेळी जाऊन शूट करा, तोंडी सांगू नका.

रिकाम्या खोलीत सॉफ्टवेअरने फर्निचर मांडून दाखवायची सोय आता सगळीकडे आहे. वापरायला हरकत नाही, पण त्या फोटोवरच ठळक लिहा की हे फर्निचर खरं नाही, आणि रिकाम्या खोलीचा फोटो त्याच्या शेजारीच लावा. भिंतीवरची भेग किंवा खिडकीबाहेरची विजेची तार पुसून टाकणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. ते मी करत नाही आणि माझ्याकडे शिकणाऱ्यांनाही करू देत नाही.

व्हिडिओ उभा घ्यायचा, 1080 बाय 1920. खाली कॅप्शन येतं आणि उजवीकडे बटणं, म्हणून घराची माहिती मधल्या भागात लिहा. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात, तेव्हा बोललेलं अक्षरांतही दिसू द्या. बिझनेस अकाउंटवर लोकप्रिय गाणी लावण्यावर हक्कांच्या कारणाने मर्यादा असतात. तेव्हा मोफत परवान्याचं संगीत घ्या, किंवा स्वतःचा आवाज. माझ्या अनुभवात स्वतःचा आवाजच बरा, कारण फोन उचलल्यावर समोरच्याला तो ओळखीचा वाटतो.

एन्क्वायरी येणं हे काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तिला वेळेत उत्तर देणं. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 2011 साली आलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना ग्राहकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता तासानंतर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. मी हे आकडे वाचले त्याच्या आधीच अनुभवाने शिकले होते. एक बाई रात्री मेसेज करून झोपल्या, मी सकाळी अकराला उत्तर दिलं, तोवर त्या दुसऱ्या एजंटबरोबर घर बघायला निघालेल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस 2018 पासून आहे. त्यातले तयार उत्तरांचे शॉर्टकट आणि लेबलं नीट लावून ठेवा. माझी लेबलं अशी आहेत: नवीन, बघून गेले, कर्जाची वाट बघताहेत, आता नको पण सहा महिन्यांनी. शेवटचं लेबल नवीन एजंट ठेवतच नाहीत, आणि माझे कितीतरी व्यवहार त्याच लेबलातून आले आहेत.

ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल एक गोष्ट माहीत हवी. ही व्हॉट्सअ‍ॅपवरची अशी यादी, की एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका यादीत 256 नावं बसतात, पण मेसेज त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. म्हणून पहिल्या फोनवर मी न विसरता सांगते, "माझा नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे नवीन घर आलं की कळवता येईल." हे सांगितल्यावर ज्याला नको असतं तो तिथेच नको म्हणतो, तेही चांगलंच.

पैसे देऊन जाहिरात करायची तर बूस्टचं, म्हणजे पोस्टलाच जाहिरात बनवणारं, बटण दाबण्याआधी थांबा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या लीड फॉर्ममध्ये, म्हणजे इच्छुक माणसाची (लीडची) माहिती घेणाऱ्या फॉर्ममध्ये, नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरले जातात. त्यामुळे लोक सहज दाबून जातात आणि फोन केला तर आठवतही नाही. कधी नंबरच जुना निघतो. फॉर्म बनवताना जास्त इच्छुक लोकांसाठीचा पर्याय निवडता येतो, त्यात पाठवण्याआधी माहिती तपासायची एक पायरी वाढते. लीड कमी येतात आणि महाग पडतात, पण त्यांना फोन करताना जीव रमतो. शिवाय स्वतःचा एक प्रश्न घाला. मी विचारते, "घर कधीपर्यंत हवं आहे?"

जाहिरात कुणाला दाखवायची आणि कुणाला नाही, हा प्रश्न नुसता तंत्राचा नाही. अमेरिकेत घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा कायदा 1968 चा आहे. त्यावरून फेसबुकविरुद्ध तक्रारी झाल्या, आणि 2019 साली कंपनीने तडजोडीत मान्य केलं की घरांच्या जाहिराती तिथे वय, लिंग किंवा पिनकोड निवडून दाखवता येणार नाहीत. 2022 मध्ये तिथल्या न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यानंतर, आधीच्या ग्राहकांसारखे लोक शोधून त्यांना घरांच्या जाहिराती दाखवणारं साधनही बंद झालं. तुम्ही जिथे काम करता तिथला नियम आधी वाचा: एजंटची नोंदणी लागते का, जाहिरातीवर नोंदणी क्रमांक टाकावा लागतो का. आणि नियम नसला तरी "अमुक लोकांनाच घर मिळेल" असं पोस्टमध्ये लिहू नका. मालकाने सांगितलं तरी नाही. घर शोधताना नकार मिळालेल्या माणसाशी एकदा जरी तुम्ही बोललात, तरी असं वाक्य टाइप करायला हात धजणार नाही.

एक प्रसंग मनातून जात नाही. भाड्याने द्यायच्या एका घराचे फोटो मी टाकले होते. तिसऱ्या दिवशी एक तरुण जोडपं सामानाच्या पिशव्या घेऊन त्या इमारतीच्या दारात उभं. कुणीतरी माझेच फोटो उचलून, भाडं कमी दाखवून, दुसऱ्या नंबरने जाहिरात केली होती आणि त्यांच्याकडून ऑनलाइन आगाऊ रक्कम घेतली होती. त्या मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर मी काढलेला फोटो होता, खिडकीच्या काचेत माझीच सावली पडलेला. त्यांच्याबरोबर मी तक्रार द्यायला गेले, पण पैसे परत आले नाहीत.

तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या मध्यावर माझं नाव आणि नंबर पुसट अक्षरांत असतो. कोपऱ्यात टाकलं तर कापून टाकता येतं. "घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका" ही ओळ प्रत्येक भाड्याच्या पोस्टवर असते. आठवड्यातून एकदा माझेच फोटो गूगलला देऊन ते आणखी कुठे टाकलेत का ते शोधते. रिकाम्या घरातून लाइव्ह जात नाही, पोस्ट बाहेर पडल्यावर टाकते. घर क्रमांक, टेबलावरची पत्रं, मुलांचे फोटो फ्रेममध्ये येऊ देत नाही. चावी हातात धरून काढलेला फोटो तर कधीच नाही, कारण नुसत्या फोटोवरून चावीची नक्कल करता येते हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी 2008 सालीच दाखवून दिलं आहे. आणि हे सगळं करण्याआधी मालकाची लेखी परवानगी, कोणते फोटो, कुठे, किती दिवस, हे स्पष्ट लिहून.

नंबरांची वही वेगळी ठेवा. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते. मी तेव्हापासून दर शनिवारी सगळे संपर्क एका शीटमध्ये उतरवून घेते. अकाउंटला दोन टप्प्यांची सुरक्षा पहिल्या दिवशीच लावा.

पहिले पाच-सहा महिने सोशल मीडियातून एकही व्यवहार झाला नाही तर घाबरू नका, माझा झाला नव्हता. तेवढ्या काळात ओळखीच्या लोकांतून आणि फोन फिरवूनच काम चालतं, ते सोडू नका. व्ह्यूजऐवजी सेव्ह आणि शेअर बघा. घर सेव्ह करणारा माणूस ते रात्री घरच्यांना दाखवणार असतो.

आणि विकलं गेलेलं घर लगेच पोस्टवरून उतरवा, किंवा त्यावर "व्यवहार झाला" असं लिहा. संपलेल्या घराचा फोटो ठेवून फोन मिळवायचा आणि "ते गेलं, पण दुसरं आहे" म्हणायचं, ही सवय या धंद्यात फार जणांना आहे. तो फोन करणारा माणूस कदाचित दिवसभरात तिसऱ्यांदा हेच ऐकत असतो. डाग असलेलं घर विकलं गेलं त्या संध्याकाळी मी आधी ती पोस्ट बदलली, मग बघून गेलेल्या बाकीच्या तिघांना एकेक करून फोन केला. त्यातल्या एका गृहस्थांनी त्याच फोनवर त्यांचं जुनं घर विकायला माझ्याकडे दिलं.